मॉस्कोतला झोत आणि गच्चीवरचा टॉवर

2020 च्या नोव्हेंबरात एका चिनी प्राध्यापकाचं बोलणं जगभर गाजलं. जिन कानरोंग हे बीजिंगच्या रेनमिन विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतात. पँगाँग सरोवराजवळच्या डोंगरमाथ्यांवर ठाण मांडून बसलेल्या भारतीय जवानांवर चीनने मायक्रोवेव्ह सोडले, पंधरा मिनिटांत जवानांना उलट्या सुरू झाल्या, त्यांना उभंही राहवेना, आणि एकही गोळी न झाडता माथे मोकळे झाले, असं त्यांनी श्रोत्यांना सांगितलं. ब्रिटिश वृत्तपत्रांनी गोष्ट उचलली, मग ती आपल्या वाहिन्यांवर आणि मोबाइलवर आली. भारतीय लष्कराने लगेच ती निराधार असल्याचं जाहीर केलं. जाहीर करायचीही खरं तर गरज नव्हती, कारण ते माथे आपल्याच ताब्यात होते. दोन्ही सैन्यांनी मागे सरायचं ठरवलं ते त्यानंतर, फेब्रुवारी 2021 मध्ये.

तरीही गोष्ट खपली. दिसत नाही, ऐकू येत नाही, भिंतीतून आरपार जातं, असं काही माणसाला आडवं करू शकतं ही कल्पना आपल्या मनात आधीच घर करून आहे. ती तिथे कुणी नेऊन ठेवली, याचा माग काढत गेलं की दर वेळी वाट एखाद्या सरकारी दप्तरापाशी जाऊन थांबते.

1935 साली ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाला, लहरींनी माणूस आडवा करता येईल का, असा प्रश्न पडला होता. शंभर यार्डांवरून किरणांनी मेंढी मारून दाखवणाऱ्याला एक हजार पौंड देऊ, असं मंत्रालयाने सांगून ठेवलं होतं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. शेवटी रेडिओ संशोधन केंद्राचे प्रमुख रॉबर्ट वॉटसन-वॅट यांच्याकडे विचारणा झाली. त्यांनी ती आपला सहायक अर्नोल्ड विल्किन्स याच्याकडे गणिताच्या रूपात सरकवली: काही किलोमीटरवर असलेलं आठ पिंट पाणी 98 अंश फॅरनहाइटवरून 105 वर न्यायला किती शक्तीचा रेडिओ लागेल? आठ पिंट म्हणजे माणसाच्या अंगात असतं साधारण तेवढं रक्त, आणि 98 वरून 105 म्हणजे फणफणता ताप. विल्किन्सला गणितामागचं प्रकरण ताबडतोब कळलं. उत्तर आलं ते असं, की इतका शक्तिमान प्रक्षेपक बांधणं कुणाच्याही आवाक्यातलं नाही. लहरी पसरत जातात आणि अंतर दुप्पट झालं की त्यांचा जोर एक चतुर्थांश उरतो, एवढ्यावरच मारक किरणांचा निकाल लागला.

मग करता काय येईल, असं साहेबांनी विचारलं. जवळून विमान गेलं की रेडिओची जुळणी बिघडते, अशी टपाल खात्याच्या इंजिनिअरांची जुनी तक्रार विल्किन्सला आठवली. 26 फेब्रुवारी 1935 ला डॅव्हेंट्रीजवळ बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या टापूत एक हेफर्ड बॉम्बर उडवण्यात आलं आणि त्यावरून परतलेल्या लहरी पडद्यावर दिसल्या. ब्रिटनचं रडार जन्मलं ते असं, मारता येत नाही म्हणून. पण रडार युद्धकाळात गुपित राहिलं आणि लोकांच्या डोक्यात शिल्लक राहिले ते मारक किरण.

या साऱ्या भीतीचं मूळ गाव मात्र मॉस्को. 4 ऑगस्ट 1945 ला सोव्हिएत शाळकरी मुलांच्या पथकाने अमेरिकेचे राजदूत एव्हरेल हॅरिमन यांना मैत्रीची भेट दिली: अमेरिकेच्या राजमुद्रेचं लाकडात कोरलेलं चिन्ह, पंख पसरलेला गरुड. राजदूतांनी तो अभ्यासिकेत टांगला. राजदूत बदलत गेले, गरुड भिंतीवरच राहिला. 1952 साली, जॉर्ज केनन राजदूत असताना, त्याच्या पोटात ऐकण्याचं यंत्र सापडलं. त्यात बॅटरी नव्हती, तार नव्हती, बंद-चालू करायचा भागही नव्हता. तांब्याची एक डबी, तिच्या तोंडावर पातळ पडदा आणि एक छोटी अँटेना. बाहेरून कुणी ठरावीक वारंवारतेच्या रेडिओ लहरी तिच्यावर सोडल्या की ती जागी व्हायची. खोलीतल्या बोलण्याने पडदा थरथरायचा आणि परतणाऱ्या लहरींवर ती थरथर उमटायची. झोत थांबला की डबी निव्वळ धातूचा तुकडा. तपासणाऱ्यांना सात वर्षं ती सापडली नाही, यात नवल नाही. तिचा कर्ता लेव्ह तेर्मेन, म्हणजे हात न लावता वाजवायच्या थेरेमिन या विद्युत वाद्याचा जनक. हे काम त्याच्याकडून कैदेत करून घेतलं गेलं होतं.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या टोलनाक्यावर आज आपण जवळपास हेच करतो. गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरचं यंत्र त्यावर 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतं, त्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक परतणाऱ्या लहरींवर लादून पाठवते. तेर्मेनच्या डबीत चिप नव्हती, पण युक्तीचं घराणं तेच.

गरुड सापडला त्याच सुमाराला अमेरिकनांना आणखी एक गोष्ट दिसली: समोरच्या इमारतींतून त्यांच्या दूतावासाच्या वरच्या मजल्यांवर कुणीतरी मायक्रोवेव्हचा झोत रोखून धरला होता. साधारण अडीच ते चार गिगाहर्ट्झ, म्हणजे आजचं वायफाय ज्या पट्ट्यात चालतं त्याच्याच शेजारपाजारचा मुलूख. हा झोत वीस वर्षांहून जास्त काळ चालू राहिला. तो कशासाठी, यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. भिंतींत लपवलेली यंत्रं जागी करण्यासाठी असेल, किंवा छपरावरच्या अमेरिकन टेहळणी यंत्रांचे कान किटवण्यासाठी.

झोत कशासाठीही असो, तो कळल्यावर वॉशिंग्टनने जे केलं त्यातून पुढचं सगळं पेटलं. कर्मचाऱ्यांना काहीही सांगितलं गेलं नाही. पेंटॅगॉनने 1965 पासून ‘पँडोरा’ या नावाने गुप्त संशोधन सुरू केलं. मॉस्कोसारखाच झोत माकडांवर सोडून पाहिला, ठाम काही हाती येईना, तेव्हा काही वर्षांनी सारं गुंडाळलं. दरम्यान दूतावासातल्या लोकांचं रक्त तपासायला घेतलं गेलं, आणि त्यांना सांगितलं काय, तर मॉस्कोतल्या विषाणूंचा अभ्यास चालू आहे. प्रत्यक्षात शोध चालला होता जनुकीय हानीचा. डिसेंबर 1975 मध्ये परराष्ट्रमंत्री किसिंजर सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांच्याशी फोनवर बोलून झोत बंद करवण्याची खटपट करत होते, पण आपल्याच माणसांना सांगायला तयार नव्हते. फेब्रुवारी 1976 मध्ये राजदूत वॉल्टर स्टोसेल यांनी अखेर कर्मचाऱ्यांना एकत्र बोलावलं. बातमी फुटली. खिडक्यांना अॅल्युमिनियमच्या जाळ्या लागल्या आणि मॉस्कोचा पगार ‘आरोग्यास अपायकारक ठाणं’ म्हणून वीस टक्क्यांनी वाढला.

आता मॉस्कोच्या दूतावासातल्या एखाद्या कारकुनाच्या जागी आपण आहोत असं धरा. वीस वर्षं झोत, खोटं कारण सांगून रक्ततपासणी, मग जाळी आणि भत्ता. पूर्वीचे दोन राजदूत, बोलेन आणि थॉम्पसन, कर्करोगाने गेलेले. खुद्द स्टोसेल यांना रक्ताचा विकार. 1978 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अब्राहम लिलिएनफेल्ड यांनी मॉस्कोतल्या सुमारे अठराशे कर्मचाऱ्यांची पूर्व युरोपातल्या इतर दूतावासांतल्या लोकांशी तुलना करून, झोतामुळे मृत्यू किंवा आजार वाढल्याचा पुरावा नाही असं सांगितलं. चांगला अभ्यास होता. पण ज्याने विषाणूची थाप मारली त्याच सरकारने तो करवला होता. मला विचाराल तर लहरींबद्दलच्या अविश्वासाचं खरं वय तिथून मोजावं लागतं. दोष लहरींचा कमी, थापेचा जास्त.

आकडेही विश्वास वाढवणारे नव्हते. माणसाला किती मायक्रोवेव्ह चालतात, याची अमेरिकेतली मर्यादा त्या काळात दर चौरस सेंटिमीटरला दहा हजार मायक्रोवॉट होती, सोव्हिएत संघात फक्त दहा. हजार पटींचा फरक! अमेरिकन शास्त्रज्ञ ऊती तापतात की नाही एवढंच पाहत, सोव्हिएत डॉक्टर रडारवरच्या कामगारांची डोकेदुखी, थकवा, चिडचिड यांची नोंद घेत. मॉस्कोतला झोत 1975-76 मध्ये सर्वांत तीव्र होता, तेव्हा 18 मायक्रोवॉटपर्यंत गेला. म्हणजे तो अमेरिकेच्या नियमाने नगण्य आणि खुद्द सोव्हिएत नियमाने बेकायदा होता.

भौतिकशास्त्र इथे बऱ्यापैकी स्पष्ट बोलतं. तीन गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनमध्ये साध्या उजेडाच्या फोटॉनपेक्षा लाखाहून अधिक पटींनी कमी ऊर्जा असते. क्ष-किरणांसारखं रेणू तोडणं त्याच्या कुवतीतच नाही. राहतो तो ताप. पुरेशी शक्ती एकवटली तर मायक्रोवेव्ह भाजतात, तेही खरोखर. अमेरिकेने 95 गिगाहर्ट्झचं एक शस्त्र बनवलंय. त्याचा झोत कातडीच्या अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी खोलीत मुरतो आणि असह्य आग होऊन माणूस पळ काढतो. 2010 मध्ये ते अफगाणिस्तानात नेलं आणि न वापरताच परत आणलं. ते वाहून न्यायला मोठं वाहन लागतं, पल्ला साधारण किलोमीटरभर. डोंगरमाथ्यावर कुणाला नकळत भाजणारी ही चीज नव्हे.

मधली एक जागा मात्र चमत्कारिक आहे. रडारजवळ काम करणारे लोक कानात टिकटिक ऐकू येते म्हणत आणि त्यांना कुणी खरं मानत नसे. 1961-62 मध्ये अॅलन फ्राय या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की मायक्रोवेव्हचे तीव्र, तुटक स्पंद डोक्यावर पडले तर माणसाला खरोखर आवाज ऐकू येतो. प्रत्येक स्पंदाने ऊतींचं तापमान अंशाच्या दशलक्षांश भागाने वाढतं, ऊती किंचित प्रसरतात आणि तो दाब कानाच्या आतल्या भागापर्यंत पोचतो. ‘सरकार माझ्या डोक्यात आवाज सोडतं’ म्हणणाऱ्यांच्या हाती विज्ञानाने आयतं कोलीत दिलं, म्हणा.

2016 च्या अखेरीस हवानातल्या अमेरिकन दूतावासात कुणाला विचित्र आवाज ऐकू आले, चक्कर आली, विसरायला होऊ लागलं, तेव्हा सगळ्यांच्या जिभेवर आधी फ्रायचं आणि मॉस्कोचं नाव आलं ते यामुळेच. 2020 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या समितीने स्पंदित रेडिओ लहरी हे सर्वांत संभाव्य कारण ठरवलं. त्याआधी दोन जीवशास्त्रज्ञांनी ध्वनिमुद्रित आवाज एका रातकिड्याच्या आवाजाशी जुळवून दाखवला होता. 2023 मध्ये बहुतेक गुप्तचर संस्थांनी परकी शत्रूचा हात असण्याची शक्यता अगदी कमी असल्याचं म्हटलं, 2024 मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये इजा आढळली नाही, तर 2025 मध्ये दोन संस्थांनी आपलं मत थोडं बदललं. आजारी माणसं आजारी होती, यात शंका नाही. शस्त्र अजून कुणी दाखवलेलं नाही.

आपल्याकडे हाच धाक टॉवरच्या रूपाने गच्चीवर आला. 2021 च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत माणसं मरत होती तेव्हा, ‘फाइव्ह-जीच्या चाचण्यांमुळे होतंय’ असे संदेश फिरू लागले. त्या वेळी देशात चाचण्याच सुरू झाल्या नव्हत्या, हे दूरसंचार विभागाला जाहीर करावं लागलं. त्याच सुमारास अभिनेत्री जुही चावला यांनी फाइव्ह-जीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. ऑनलाइन सुनावणीत कुणीतरी घुसून त्यांच्याच चित्रपटांची गाणी म्हणू लागला. न्यायालयाने दावा फेटाळून वीस लाखांचा दंड केला, जो पुढे दोन लाखांवर आला. दाव्याची टिंगल झाली. पण टिंगलीने कुणाची भीती गेल्याचं ऐकिवात नाही.

तिच्यामागे एक अर्धं सत्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगजनक’ या 2-ब गटात टाकलं. गटाचा अर्थ एवढाच, की पुरावा अपुरा आहे, पण दार पूर्ण बंद करता येत नाही. दुसरी बाजू अशी: आपल्या शरीरात शिरणाऱ्या रेडिओ ऊर्जेचा मोठा वाटा टॉवरचा नसून कानाला लावलेल्या फोनचा असतो. टॉवर लांब गेला की फोन जास्त जोर लावतो. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत शेवटच्या मजल्यावरचं कुटुंब टॉवर हटवायला लावतं आणि नंतर रेंज नाही म्हणून खिडकीशी जाऊन ओरडत बोलतं, तेव्हा हिशेब उलटा झालेला असतो.

भारताने सप्टेंबर 2012 पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. 900 मेगाहर्ट्झला ती चौरस सेंटिमीटरला 45 मायक्रोवॉट, दोन गिगाहर्ट्झच्या वर 100. 2017 मध्ये दूरसंचार विभागाने ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ उघडलं. त्यावर आपल्या भागातले टॉवर पाहता येतात आणि शुल्क भरून एखाद्या टॉवरच्या लहरी मोजायला माणूसही बोलावता येतो. अहवाल हातात आला तर 18 हा आकडा लक्षात असू द्या. मॉस्कोच्या दूतावासाला जाळ्या लागल्या त्या या पातळीला, आणि त्या वारंवारतेला आपला नियम त्याच्या पाचपटीहून अधिक चालवून घेतो. या फरकाची भीती वाटली तर मोजणाऱ्या माणसाला जिना उतरण्याआधी विचारा. त्याला निदान विचारता तरी येतं, आणि ही सोय मॉस्कोतल्या कारकुनाला नव्हती.