घर क्रमांक शून्य

दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता पुणे स्टेशनजवळच्या एका पदपथावर आम्ही सतरंजी अंथरतो. मधोमध पत्र्याची पेटी, शाईचं पॅड, गोंदाची बाटली, फॉर्मांचा गठ्ठा आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरांची चळत. दोन निवृत्त बँक कर्मचारी, एक वकील ताई, लॉ कॉलेजची तीन-चार मुलं आणि मी, एवढाच आमचा गट. आम्ही जेवण वाटत नाही हे कळलं की नवखा माणूस जरा खट्टू होतो. मग शेजारचाच कुणीतरी त्याला सांगतो, "अरे, हे कागदवाले आहेत. बस."

पोट भरण्याची सोय या शहरात पुष्कळांनी केली आहे. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली, २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली, सणावाराला तर जेवणाच्या गाड्या एकामागून एक येतात. पण रेशन, बँकेचं खातं, निराधारांचं अनुदान यांतलं काहीही कागदाशिवाय हाती लागत नाही. आणि कागद तर उघड्यावर झोपणाऱ्याचा सगळ्यात आधी जातो. रात्री उशाची पिशवी चोरीला जाते, नाहीतर पावसात तिचा लगदा होतो.

पदपथावर झोपणारा म्हणजे भीक मागणारा, हा समज मात्र आधी सोडून द्यायला हवा. इथले कितीतरी जण लग्नसराईत केटरिंगला जातात. आपल्या घरच्या कार्यात पंगतीला जो वाढतो, वरातीत डोक्यावर दिवे घेऊन जो चालतो, तो पहाटे इथे येऊन आडवा होतो. कुणी भंगार वेचतं, कुणी मजूर नाक्यावर उभं राहतं. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली, तेव्हा देशभरात १७ लाखांहून अधिक माणसं सापडली. पण त्या रात्री ही कामावर जाणारी माणसं कुठे असतील, हे ज्याने पदपथ पाहिलाय त्याला सांगावं लागत नाही.

परवा आलेल्या मावशी केटरिंगची भांडी घासतात. आधार कार्ड एकदा काढलं होतं, ते हरवलं, नंबर पाठ नाही. नवीन काढायला गेलं तर नोंदणी फेटाळली जाते, कारण बोटांचे ठसे आधीच नोंदलेले असतात. म्हणजे मावशींची ओळख यंत्रात सुरक्षित आहे, फक्त मावशींच्या हातात नाही. मी त्यांना घेऊन आधार केंद्रावर गेलो. ऑपरेटरने मशीनवर बोट ठेवायला सांगितलं. लाल दिवा. दुसरं बोट. पुन्हा लाल. मावशींनी हात पदराला पुसला, मग पाण्याने धुतला, मग ऑपरेटरने स्वतःहून ओल्या रुमालाने एकेक बोट हळूच पुसून दिलं. मी जवळून पाहिलं. घासणीने आणि सोड्याने त्या बोटांवरच्या रेषा पार गेल्या होत्या. अंगठा तर नव्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. शेवटी डोळ्यांवरून नोंद सापडली. कागद हातात आल्यावर मावशींनी तो वाचला नाही, त्यांना वाचता येत नाही. त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हीच का मी? किती भरलेली होते."

पुढची पायरी याहून अवघड. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात. त्यासाठी उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवं आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य हवं. वास्तव्याचा पुरावा काय, तर वीजबिल, घरपट्टी, भाडेकरार! हा नियम घर असलेल्यांनी घर असलेल्यांसाठी लिहिलाय, असं माझं स्पष्ट मत आहे. वकील ताई मग जुने कागद हुडकतात. गावच्या शाळेतला दाखला, सरकारी दवाखान्याचा पिवळा पडलेला केसपेपर. केसपेपरवर तारीख असते, म्हणून तो आम्हाला सोन्यासारखा. एका काकांचा पाय मोडल्याचा जुना केसपेपर मिळाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काकांनीसुद्धा.

एका बाबतीत नियम माणसासारखा वागतो, हेही सांगायला हवं. बेघर माणसाने मतदार नोंदणीचा ६ नंबरचा फॉर्म भरला, तर त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, रात्री त्या जागी यायचं आणि माणूस खरंच तिथे झोपतो का हे पाहायचं, तेही एकाहून अधिक रात्री. मागे आमच्या एका काकांसाठी बीएलओ म्हणून शाळेतल्या एक बाई आल्या होत्या, रात्री साडेदहाला, मुलाच्या स्कूटरवर मागे बसून. काका गाढ झोपले होते. बाईंनी त्यांना उठवलं नाही. मोबाइलच्या उजेडात चेहरा फोटोशी ताडून पाहिला, चादर पायावर ओढली आणि वहीत नोंद केली. दोन दिवसांनी पुन्हा आल्या. अशा माणसाच्या नावापुढे घर क्रमांकाच्या रकान्यात कधीकधी शून्य छापलेलं असतं. काकांना त्या शून्याचं काही वाटलं नाही. त्यांना वडिलांचं नाव बरोबर आलंय ना, एवढंच पाहायचं होतं. चारदा वाचायला लावलं.

मूळ कागद आता आम्हीच सांभाळतो. बँकवाल्या काकांच्या घरी एक लोखंडी कपाट आहे. प्रत्येकाचं वेगळं फोल्डर, वर फोटो आणि नाव. माणसाकडे फक्त लॅमिनेट केलेली झेरॉक्स असते, तीही मळकट दोऱ्याने गळ्यात बांधलेली. काही फोल्डर वर्षानुवर्षं कुणी मागायला आलेलं नाही. ती माणसं गावी गेली असतील, दुसऱ्या शहरात असतील, किंवा गेली असतील. ती फोल्डरं आम्ही टाकत नाही.

डिसेंबर आला की ब्लँकेट कुठे आणून देऊ, असे फोन सुरू होतात. द्या, थंडीत त्यांची गरज आहेच. पण सेतू कार्यालयात, तहसीलमध्ये, रेशनच्या खिडकीपाशी या माणसांच्या शेजारी उभा राहणारा माणूस आम्हाला त्याहून अधिक हवाय. एकट्या मावशीला "उद्या या" सांगून परत पाठवतात. सोबत कुणी असलं की तोच फॉर्म घेतला जातो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्याबद्दल शंका उरलेली नाही. तुमच्या गावातही असा पदपथ, असं स्टेशन, अशी धर्मशाळा असेलच. महिन्यातून कामाच्या दिवसातली एक सकाळ काढा आणि कुणाबरोबर तरी त्या रांगेत उभे राहा.