जोडी : शब्द एक, अर्थ अनेक

लग्नसराई आली की आपल्या वस्त्यांतून एक शब्द सारखा कानी पडतो. ‘जोडी शोभते हो!’, ‘जोडीने या’, ‘जोडीने मेणबत्ती लावा’. आम्ही बऱ्याच मंगल परिणयांना हजर असतो, कधी सूत्रसंचालनही करतो. तेव्हा वाटले, हा शब्द एकदा उलटून-पालटून पाहावा.

चपला विकणारा ‘एक जोड’ म्हणतो. त्यातली डावी हरवली की उजवी बिनकामाची. कुस्तीच्या फडात मात्र जोड म्हणजे एकमेकांना पाडायला उभे राहिलेले तोडीस तोड मल्ल. मुलांच्या गणिताच्या पुस्तकात ‘क्रमित जोडी’ असते. (२, ३) आणि (३, २) या तिथे दोन वेगळ्या जोड्या, कारण आधी कोण हे ठरलेले. विज्ञानात ‘बलयुग्म’ आहे. दोन सारखीच समांतर बले, पण दिशा उलट. नळाची तोटी आपण दोन बोटांनी फिरवतो ती त्यामुळेच. आमच्या जमाखर्चाच्या वहीत तर जोडीशिवाय पानच हलत नाही. एका खात्याच्या नावे, तर दुसऱ्याच्या जमा, आणि रक्कम पै न् पै तीच. व्याकरणातले जोडाक्षर मात्र वेगळे. ‘धम्म’ लिहिताना पहिला ‘म’ अर्धा होतो, तेव्हाच तो दुसऱ्याला जोडला जातो.

मग संसाराची जोडी यातली कोणती? लोक तोंडाने काही म्हणोत, वागताना चपलेचा जोड आणि जोडाक्षर हेच धरून चालतात. नवरा पूर्ण, बायको अर्धी. तो गेला की ती बिनकामाची. बौद्ध पद्धतीच्या लग्नातही आम्ही हे पाहतो. जिने धुणीभांडी करून पोरगी शिकवली ती विधवा आई मागच्या रांगेत, आणि तथागत व बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्ती लावायला काका-काकूंची जोडी हुडकली जाते. तिला कुणी हाकलत नाही, ती आपणहून मागे सरते. वर माईकवरून ‘लक्ष्मी-नारायणाचा जोडा’ असा आशीर्वाद! बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच प्रतिज्ञा विष्णूला देव न मानण्याची आहे, हे तरी आठवावे.

पालीत जोडीला ‘यमक’ म्हणतात. धम्मपदाचा पहिला वग्ग यमकवग्ग. त्यात वीस गाथा, दोन-दोनच्या जोडीने. त्यातली कोणतीही एक वाचा, ती आपल्या पायावर उभी असते. जोडीची गाथा आली की अर्थ उजळतो इतकेच.

अंगुत्तर निकायात नकुलपिता आणि नकुलमाता या गृहस्थ जोडप्याची कथा येते. पुढेही एकमेकांची साथ लाभावी अशी त्यांची इच्छा. भगवंतांनी त्यांना श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा या चारही बाबतींत सारखे व्हायला सांगितले. दोघांनाही तेच, एकीला वेगळे, एकाला वेगळे नाही. पुढे नकुलपिता फार आजारी पडला, आपल्यामागे घराचे कसे होणार या काळजीत. तेव्हा नकुलमाता म्हणाली, मला कापूस कातता येतो, लोकर पिंजता येते, मी मुले पोसीन, घर चालवीन, तुम्ही घोर लावून घेऊ नका. तो बरा झाल्यावर भगवंतांनी त्याच्याजवळ तिची वाखाणणी केली. ‘नवरा गेल्यावर माझे काय’ असे ती रडली नाही, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. आपल्या वस्तीत अशा किती नकुलमाता आहेत, मोजून पाहाव्यात.

लग्नपत्रिकेवर आपण जोतीराव-सावित्रीबाईंचे चित्र छापतो. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून अंत्ययात्रेत पुढे चालल्या. १८९३ साली सासवडला सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता गेल्या. मधली सात वर्षे त्या काही मागच्या रांगेत उभ्या नव्हत्या.

सूत्रसंचालक बंधूंना एक सुचवतो. कार्यक्रमाच्या कागदावर मेणबत्ती लावण्यासाठी वधूच्या आईचे नाव आधीच, ठळक अक्षरात लिहून ठेवावे. नावानिशी पुकारा झाला की ती मागे सरत नाही, आणि आयत्या वेळी कुणा भाऊबंदाला जोडी शोधत फिरायला सवडही उरत नाही.