रक्तातील सूक्ष्म साक्षीदार

मोठ्या आतड्याचा कर्करोग प्रारंभी मुकाट्याने वाढतो. वेळीच ध्यानी आल्यास तो बरा होण्याचा संभव पुष्कळ असतो. मग साध्या रक्ततपासणीतून त्याचा सुगावा लागेल काय?

व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ साली एका चिमुकल्या कृमीच्या अभ्यासातून मायक्रो-आरएनएचा शोध लावला. त्याबद्दल २०२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. सुमारे २२ दुव्यांची ही इवलीशी साखळी पेशीतील प्रथिनांच्या निर्मितीस आवर घालते. कर्करोगात तिचे प्रमाण बिघडते आणि रक्तातही ती टिकून राहते. २००९ साली हाँगकाँगच्या संशोधकांना रुग्णांच्या रक्तात तिचा ‘९२-ए’ हा प्रकार वाढलेला आढळला. त्यावरून शेकडा ८९ रुग्ण ओळखता आले. परंतु शेकडा ३० निरोगी माणसांवरही नाहक संशय आला. शिवाय रक्ताच्या नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या, तरी हाच प्रकार वाढलेला दिसतो.

तेव्हा या एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर अद्याप निकाल देता येत नाही. शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत बदल होणे किंवा अकारण वजन घटणे, यांपैकी काही आढळल्यास मूळव्याध समजून स्वस्थ बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. दुर्बिणीने आतडे पाहून व संशयित भागाचा तुकडा तपासूनच आज निदान पक्के होते.