विंचू उतरवताना

सिद्धेश्वर धरणाच्या आसपास हळद काढणीला सुरुवात झाली की एखाददुसरी विंचवाची बातमी येतेच. ढेकूळ उलटावं, कालव्याकडेचा दगड सरकवावा आणि बोटातून कळ निघावी. ती मनगट, कोपर, खांदा अशी चढत जाते, म्हणून आपल्याकडे विंचू 'चढतो' आणि तो 'उतरवावा' लागतो. पूर्वी त्यासाठी मांत्रिक होता. तो पुटपुटत हात खाली फिरवायचा आणि कळ खरोखर कमी झाल्याचं सांगणारी माणसं आजही भेटतात. त्यांना खोटं ठरवायची घाई मी करणार नाही. का, ते पुढे येईलच.

वेदनाशामक औषधांचा अख्खा इतिहास या एका डंखाभोवती सांगता येतो. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमसाठी बारीक दारं असतात. ती उघडली की संदेश निघतो, मिटली की थांबतो. तांबड्या विंचवाचं विष ही दारं नीट मिटू देत नाही, म्हणून कळ थांबत नाही. डॉक्टर जागेवर लिग्नोकेन टोचतात तेव्हा तीच दारं बंद होतात. मात्र सगळीच, म्हणून बोट बधिर होतं.

कळ असह्य असली तरी जीव सहसा तिच्यामुळे जात नाही. भीती असते ती दरदरून घाम, ओकाऱ्या आणि गार पडलेल्या हातापायांची. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीला सरकारी डॉक्टर म्हणून गेले आणि विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी ही लक्षणं टिपली. १९८२ मध्ये त्यांचं टिपण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरली. विषामुळे शरीरात उसळणारी रसायनं पेशींच्या ज्या जागी बसून धुमाकूळ घालतात, त्या जागा ही गोळी आधीच अडवते. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीसेक दगावत. ते प्रमाण एक-दोनवर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठवाड्याच्या माणसाने कोकणात बसून केलेलं हे काम आपल्याकडे अजून पुरेसं सांगितलं जात नाही, असं माझं मत आहे.

जागा अडवून औषधाचा किंवा विषाचा परिणाम रोखणं, हीच युक्ती अफूच्या गोष्टीतही आहे. दिवाळीच्या अनारशावरची खसखस ज्या बोंडातून येते, त्याच बोंडाच्या चिकात मॉर्फिन असतं. ते जर्मनीतल्या सर्ट्युर्नर या औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळं काढलं. ते शरीरात नेमकं कुठे बसतं हे कळायला मात्र १९७३ उजाडलं. मेंदूत त्याच्यासाठी तयार जागा सापडल्या, आणि प्रश्न पडला की झाडाच्या चिकासाठी आपल्या मेंदूत पाट कुणी मांडून ठेवला? उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनहून आलं: शरीर स्वतःच अफूसारखी रसायनं बनवतं.

नालोक्सोन या औषधाचं पेटंट त्याआधीच, १९६१ साली घेतलं गेलं होतं. हे औषध मॉर्फिनला त्याच्या पाटावरून उठवतं आणि स्वतः बसतं, पण करत काहीच नाही. जास्त मात्रेने श्वास मंदावलेला माणूस काही मिनिटांत डोळे उघडतो. नालोक्सोनचा अंमल तासाभरात ओसरतो, अफूजन्य औषधाचा मात्र पुष्कळदा टिकून असतो; म्हणून शुद्धीवर आलेल्याला लगेच घरी सोडायचं नसतं.

आता मांत्रिकाकडे येऊ. १९७८ मध्ये अमेरिकेत दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. औषध म्हणून बिनऔषधाचं इंजेक्शन दिलं तरी काहींची कळ उतरत होती. त्यांना नालोक्सोन दिल्यावर ती पुन्हा चढली. म्हणजे तो आराम निव्वळ मनाचा खेळ नव्हता. विश्वासाने शरीरातली अफू पाझरली होती आणि नालोक्सोनने तिची जागा अडवली. मंत्राने कळ उतरली असेल तर ती याच वाटेने. विष मात्र मंत्राने उतरत नाही, आणि तिथेच माणसं दगावली.

नव्या संशोधनाला मेंदूतल्या या पाटाकडे जायचंच नाही, कारण नशा आणि सवय तिथेच लागते. कळ निघते तिथेच अडवावी, असा प्रयत्न आहे. सोडियमच्या दारांपैकी एक प्रकार मुख्यतः वेदनेच्या तंतूंतच असतो. अमेरिकेच्या वाळवंटातला एक उंदीर विंचू मारून खातो. त्याच्या शरीरात हे दार असं बदललंय की विष तिथे चिकटून उलट कळच थांबवतं. हे २०१३ मध्ये कळलं. माणसातलं तेच दार मिटवणारी सुझेट्रिजीन ही गोळी ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत मंजूर झाली. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यावर ती चालते, पण अफूजन्य गोळीपेक्षा सरस ठरलेली नाही. कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेवर तर खोट्या गोळीनेही जवळजवळ तितकाच आराम दिला. पुन्हा मांत्रिकच! २०२५ मध्ये तिची किंमत एका गोळीला साडेपंधरा डॉलर होती.

आमच्या हळदीबद्दलही विचारलं जातं. गुडघेदुखीवर थोडा उपयोग दाखवणाऱ्या लहान चाचण्या आहेत, पण हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच कमी उतरतं. वसमतच्या हळदीचा अभिमान बाळगूनही हे सांगायला हवं.

अमेरिकेत अफूजन्य गोळ्यांनी घरं उद्ध्वस्त केली, हे आपण वाचतो आणि इथेही मॉर्फिनला घाबरतो. आपली अडचण उलटी आहे. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, तरी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर बारा वर्षांत सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. परवान्यांच्या जंजाळात दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१७ च्या लॅन्सेट आयोगाच्या हिशेबात भारताला गरजेच्या जेमतेम ४ टक्के मिळत होतं. महाराष्ट्राने २०१२ मध्ये परिहार सेवेचं (पॅलिएटिव्ह केअरचं) धोरण केलं, २०१४ मध्ये कायदा सैल झाला. पण सिद्धेश्वरचं पाणी वसमत-नांदेडकडे सुटलं तरी टेलच्या शेताला किती पोचतं, ते शेतकऱ्याला विचारा. मॉर्फिनचंही तसंच आहे. धाकही सरसकट खोटा नाही: २०१८ मध्ये ट्रामाडॉल हे वेदनाशामक त्याच कायद्याखाली आणावं लागलं, आणि २०२५ मध्ये टॅपेंटाडॉल हे तसंच औषध मिसळलेल्या गोळ्या महाराष्ट्रातून पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जात असल्याचं उघड झालं.

कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी, दुखायची वाट न पाहता, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत द्यायची असते. पहिले काही दिवस मळमळ, गुंगी येते आणि बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र औषध चालू आहे तोवर राहतं. चिठ्ठीत पोट साफ व्हायचं औषध नसेल तर ते मागून घ्यावं.