एंजिनाचा श्वास : मोटारीची शक्ती वाढवण्याचे शास्त्र

१९३० सालच्या जून महिन्यात फ्रान्समधील ल मां या शहरी चोवीस तासांची सुप्रसिद्ध मोटार-शर्यत झाली. तीत बेंटली या इंग्लिश कारखान्यात तयार झालेल्या दोन जातींच्या मोटारी उतरल्या होत्या. एका जातीचे एंजिन सहा सिलिंडरांचे व आकाराने मोठे होते. दुसरीचे चारच सिलिंडरांचे, पण त्याला हवा दाबून भरणारे यंत्र जोडलेले होते. कागदावरील आकडे पाहता शर्यतीसाठी सिद्ध केलेले लहान एंजिन मोठ्याहून अधिक शक्तिमान होते. असे असूनही पहिला व दुसरा हे दोन्ही क्रमांक मोठ्या एंजिनाच्या मोटारींनी मिळवले आणि हवा दाबून भरणाऱ्या दोन्ही मोटारी शर्यत पुरी होण्यापूर्वीच बाद झाल्या. अधिक शक्तीचे यंत्र मागे का पडले? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो म्हणजे एंजिनाची शक्ती कोठून येते, ती कशी वाढवता येते आणि त्या वाढीचे मोल कोणत्या रूपाने द्यावे लागते, याचा उलगडा होतो.

एंजिन म्हणजे हवेचा पंप

मोटार पेट्रोलवर चालते असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ती पेट्रोल आणि हवा या दोहोंवर चालते, आणि या दोहोंत मिळवण्यास कठीण अशी वस्तू हवा हीच होय. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. पेट्रोल द्रवरूप असल्याने ते थोड्या जागेत मावते व हवे तेवढे पुरवता येते. हवा मात्र विरळ असते. नेहमीच्या तपमानास एक लिटर हवेचे वस्तुमान केवळ १.२ ग्रॅम भरते. म्हणून ठरावीक वेळात एंजिन किती हवा आत घेऊ शकते, यावरच त्याच्या शक्तीची मर्यादा ठरते.

निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाने १८७६ साली चार धावांचे एंजिन यशस्वी करून दाखवले. त्याच्या पहिल्या धावेत दट्ट्या खाली जातो व हवा आणि इंधन यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसऱ्या धावेत ते दाबले जाते. तिसऱ्या धावेच्या आरंभी ठिणगी पडून मिश्रण पेटते व तापलेले वायू दट्ट्याला खाली ढकलतात. चौथ्या धावेत जळालेले वायू बाहेर टाकले जातात. एंजिनाच्या दांड्याचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक सिलिंडर एकदा श्वास घेतो.

आता बेंटलीच्या चार सिलिंडरांच्या एंजिनाचा हिशेब मांडून पाहू. त्याच्या सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर व दट्ट्याची धाव १४० मिलिमीटर होती. चार सिलिंडरांचे मिळून आकारमान ४,३९८ घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ४.४ लिटर होते. मिनिटास ३,५०० फेरे धरल्यास हे एंजिन मिनिटास १,७५० वेळा भरेल व सुमारे ७,७०० लिटर हवा घेईल. झडपांच्या व नळ्यांच्या अडथळ्यामुळे सिलिंडर कधी पुरते भरत नाहीत. ते चार-पंचमांश भरतात असे मानू. मग मिनिटास सुमारे ७.४ किलोग्रॅम हवा आत जाईल, आणि तिच्याबरोबर अर्धा किलोग्रॅम पेट्रोल जळेल. एवढ्या पेट्रोलची सारी उष्णता कामी लावता आली असती, तर तीतून सुमारे ४९० अश्वशक्ती मिळाली असती. प्रत्यक्षात हे एंजिन, हवा दाबून भरणारे यंत्र नसताना, सुमारे ११० अश्वशक्ती देत असे. बाकीची उष्णता धुराच्या नळीतून, थंड करणाऱ्या पाण्यातून व घर्षणातून निघून जाई.

शक्ती वाढवण्याचे मार्ग

या हिशेबातूनच शक्ती वाढवण्याचे मार्ग स्पष्ट होतात. पहिला मार्ग म्हणजे एंजिनाचे आकारमान वाढवणे, म्हणजे प्रत्येक श्वासात अधिक हवा मिळेल. दुसरा मार्ग फेऱ्यांचा वेग वाढवणे, म्हणजे श्वासांची संख्या वाढेल. तिसरा मार्ग श्वास मोकळा करणे : झडपा अधिक किंवा रुंद ठेवणे, नळ्यांची वळणे सौम्य करणे, झडपा उघडण्याच्या वेळा बदलणे. बेंटलीच्या प्रत्येक सिलिंडरला चार झडपा असत, त्या याच हेतूने. चौथा मार्ग मिश्रण अधिक घट्ट दाबून मग पेटवण्याचा. मिश्रण मूळ आकारमानाच्या एक-पंचमांशात दाबले तर आदर्श चक्रात ४७ टक्के उष्णतेचे काम होऊ शकते. एक-दशांशात दाबले तर हेच प्रमाण ६० टक्क्यांवर जाते. पाचवा मार्ग म्हणजे पंपाच्या साह्याने सिलिंडरात हवा बळाने भरणे. यास अधिभरण म्हणतात, आणि तसे करणाऱ्या यंत्रास अधिभरक.

यातील कोणताही मार्ग फुकटचा नाही. फेऱ्यांचाच विचार करा. मिनिटास ३,५०० फेरे होत असता वरील एंजिनातील दट्ट्या प्रत्येक सेकंदात ११६ वेळा दिशा बदलतो, आणि धावेच्या टोकाशी त्याचा प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या हजारपटीहून अधिक होतो. अर्धा किलोग्रॅमचा दट्ट्या त्या क्षणी आपल्या दांड्याला अर्ध्या टनाहून अधिक वजनाप्रमाणे ओढतो. हे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे ३,५०० वरून ४,२०० वर नेले, म्हणजे एक-पंचमांशाने वाढवले, तर बल ४४ टक्क्यांनी वाढते.

दोन मते, दोन एंजिने

वॉल्टर ओवेन बेंटली यांचे शिक्षण रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करून झाले होते. दणकट यंत्र मध्यम श्रमाने दीर्घकाळ चालवावे, ही त्यांची वृत्ती होती. अधिक शक्ती हवी असेल तर एंजिन मोठे करावे, अधिभरकाने त्याच्या मूळ रचनेची प्रकृती बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या कारखान्याच्या शर्यत-संघातील चालक सर हेन्री बर्किन यांचे मत याच्या उलट होते. त्यांनी ॲमहर्स्ट व्हिलियर्स या अभियंत्याने रचलेला अधिभरक चार सिलिंडरांच्या एंजिनास जोडला. या उपक्रमाचा खर्च डॉरथी पॅजेट या धनवान स्त्रीने उचलला. कारखान्याचे प्रमुख वूल्फ बार्नाटो यांनी बर्किन यांची बाजू घेतली. ल मां येथील नियमांची पूर्ती व्हावी म्हणून अशा पन्नास मोटारी विक्रीसाठी तयार करण्यात आल्या, आणि बेंटली यांच्या नापसंतीस न जुमानता हे एंजिन त्यांच्याच नावाने रस्त्यावर आले.

दोन्ही एंजिनांची तुलना उद्बोधक आहे. सहा सिलिंडरांच्या ‘स्पीड सिक्स’ या एंजिनातही सिलिंडरचा व्यास १०० व धाव १४० मिलिमीटरच होती. केवळ दोन सिलिंडर अधिक असल्याने त्याचे आकारमान ६,५९७ घन सेंटिमीटर झाले होते. विक्रीच्या मोटारीत ते १८० अश्वशक्ती देई. अधिभरक जोडलेले चार सिलिंडरांचे एंजिन १७५ देई. ही बेरीज जवळजवळ सारखी वाटते. पण ती सिलिंडरांत वाटून पाहिली म्हणजे खरा भेद कळतो. मोठ्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरवर ३० अश्वशक्तीचा भार पडतो, तर लहान एंजिनात सुमारे ४४ चा. शर्यतीच्या एंजिनांत ही तफावत आणखी वाढली होती. मोठे एंजिन सुमारे २०० अश्वशक्ती देई, म्हणजे सिलिंडरमागे ३३. अधिभरित एंजिन ४,२०० फेऱ्यांना २४०, म्हणजे सिलिंडरमागे ६०. दट्ट्या तेवढाच, झडप तेवढीच, पण श्रम जवळजवळ दुप्पट.

उष्णतेचा हिशेब

वाढीव श्रमाचा पहिला परिणाम उष्णतेच्या रूपाने दिसतो. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तापतो, हे प्रत्येकाने अनुभवले असेल. अधिभरकातही तेच घडते. ३० अंश सेल्सिअस तपमानाची हवा वातावरणाच्या दीडपट दाबापर्यंत दाबली, तर आदर्श परिस्थितीतही तिचे तपमान सुमारे ६७ अंशांवर जाते. प्रत्यक्ष यंत्रात ते याहून वाढते. तापलेली हवा प्रसरण पावत असल्याने दाब दीडपट होऊनही हवेचे वस्तुमान मात्र फार तर १.३४ पट होते. शिवाय अधिभरक फिरवण्यासाठी शक्ती लागते, ती एंजिनाच्याच दांड्यावरून घ्यावी लागते. पंपाने मिळवलेल्या शक्तीतून पंपाचा खर्च आधी वजा होतो.

सिलिंडरात मिश्रण पेटते तेव्हा वायूंचे तपमान २,००० अंशांच्या वर जाते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते. तरीही ॲल्युमिनियमचा दट्ट्या टिकतो, कारण प्रत्येक स्फोटाची उष्णता कड्या, भिंती व तेल यांच्या वाटे पुढच्या स्फोटापूर्वी निघून जाते. सिलिंडरमागे दुप्पट इंधन जाळले, पण उष्णता वाहून नेणारा पृष्ठभाग तेवढाच ठेवला, तर हा तोल ढळतो. धूर बाहेर सोडणारी झडप, दट्ट्याचा माथा व ठिणगीचा प्लग हे भाग प्रथम शिणतात.

म्हणूनच चोवीस तासांच्या शर्यतीत जे घडले त्याचे नवल वाटत नाही. बर्किन यांनी जर्मन चालक रुडोल्फ काराच्चिओला यांच्या सात लिटरच्या अधिभरित मर्सिडीज मोटारीचा जिद्दीने पाठलाग केला. रात्री मर्सिडीज थांबली. पुढे अधिभरक बसवलेल्या दोन्ही बेंटलीही एंजिनातील बिघाडाने थांबल्या. वूल्फ बार्नाटो व ग्लेन किडस्टन यांची सहा सिलिंडरांची मोटार पहिली आली. तथापि बर्किन यांच्या प्रयत्नास निष्फळ म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच वर्षी फ्रान्समधील पो येथील शर्यतीत त्यांनी अधिभरित बेंटली दुसऱ्या क्रमांकावर आणली, आणि १९३२ साली इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या मार्गावर ताशी १३७.९६ मैल वेगाने फेरी मारून विक्रम केला. अल्पकाळ टिकणारा अत्युच्च वेग आणि दीर्घकाळ टिकणारी चाल या दोन निरनिराळ्या मागण्या आहेत, आणि एकीसाठी सिद्ध केलेले यंत्र दुसरीस पुरे पडेलच असे नाही. कारखान्यापुढे मात्र याहून मोठे संकट उभे होते. जागतिक मंदीत १९३१ साली तो बुडाला व रोल्स-रॉइसने तो विकत घेतला.

इंधनाची मर्यादा आणि शिशाचे विष

मिश्रण फार दाबले किंवा फार तापले, तर त्याचा शेवटचा भाग ज्योत पोचण्यापूर्वीच आपोआप भडकतो. एंजिनातून खणखण आवाज येतो. यास यांत्रिक लोक ‘नॉकिंग’ म्हणतात. हे धक्के चालू राहिले तर दट्ट्यास भोक पडू शकते. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी इंधनाच्या या गुणाचा सखोल अभ्यास केला. अमेरिकेत टॉमस मिजली यांना १९२१ च्या डिसेंबरात असे आढळले, की शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, पेट्रोलमध्ये अल्प प्रमाणात मिसळल्यास ही खणखण थांबते. १९२३ पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले आणि अधिक दाबाच्या, अधिक शक्तीच्या एंजिनांचा मार्ग मोकळा झाला.

या शक्तीचे मोल एंजिनाने नव्हे, माणसांनी दिले. शिसे विषारी आहे हे पूर्वीपासून ठाऊक होते. १९२४ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथे हे संयुग तयार करणाऱ्या कारखान्यात पाच कामगार विषबाधेने मरण पावले. तरीही त्याचा वापर वाढत गेला, आणि मोटारींच्या धुरातून शिसे शहरांच्या हवेत व धुळीत पसरले. मुलांच्या मेंदूच्या वाढीस ते विशेष घातक ठरते. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल लागू झाले. रस्त्यावरील मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथील विक्री २०२१ च्या जुलैत थांबली. एका संयुगाने एंजिनाची खणखण थांबवली, आणि ते संयुग थांबवण्यास सुमारे शंभर वर्षे लागली.

आजचे एंजिन

बेंटली व बर्किन यांचा वाद आज मिटला आहे काय? वरवर पाहता बर्किन जिंकले. आज असंख्य मोटारींत लहान एंजिनास अधिभरक जोडलेला असतो. तो बहुधा धुराच्या प्रवाहावर फिरतो. या कल्पनेचे एकस्व आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतले होते. दाबलेली हवा सिलिंडरात जाण्यापूर्वी थंड केली जाते. नॉकिंगची सूक्ष्म थरथर ओळखणारा दाबविद्युत स्फटिक एंजिनाच्या ठोकळ्यावर बसवलेला असतो, आणि त्याच्या सूचनेवरून संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो. पण हे सारे उपाय ज्या शत्रूंविरुद्ध योजलेले आहेत, ते उष्णता व ताण हे शत्रू बेंटली यांनी ओळखलेलेच होत. त्या अर्थी त्यांचाही पराभव झालेला नाही.

आज शक्ती वाढवू पाहणारा कारागीर बहुधा या संगणकातील कोष्टके बदलतो. अधिभरणाचा दाब थोडा वाढवला, ठिणगी थोडी आधी पाडली, की अश्वशक्ती वाढते. ही वाढ शून्यातून येत नाही. उन्हाळ्यातील घाट, हलके इंधन, जुने झालेले तेल यांसाठी रचनाकाराने जी राखीव मर्यादा ठेवलेली असते, ती त्यात खर्ची पडते. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक हवा व इंधन यांचे प्रमाण १४.७ च्या आसपास असतानाच नीट काम करते. ते प्रमाण बिघडले तर दूषित धूर साऱ्या गावास सोसावा लागतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ हे धुराचे कडक निकष लागू आहेत, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा वाहनातील फेरफार करू देत नाही.

जिज्ञासू विद्यार्थ्यास हा हिशेब स्वतः करून पाहता येईल. कोणत्याही मोटारीच्या किंवा मोटारसायकलीच्या माहितीपुस्तिकेत सिलिंडरचा व्यास, दट्ट्याची धाव, सिलिंडरांची संख्या आणि महत्तम अश्वशक्ती दिलेली असते. त्यांवरून आकारमान काढावे, शक्ती सिलिंडरांत वाटून पाहावी, आणि बेंटलीच्या ३० व ४४ या आकड्यांशी तिची तुलना करावी. तुलना करताना दोन्ही सिलिंडरांचे आकारमानही शेजारी मांडावे, म्हणजे कोणते एंजिन किती श्रम करीत आहे याचा अंदाज येईल.