फिर्याद द्यायची कुणी?

सकाळी ६.३०
आज संध्याकाळी मलकापुरातल्या माजी सैनिकांपुढे बोलायचे आहे. विषय त्यांनीच दिला: आपल्या युद्धकैद्याचे हाल करणाऱ्या परदेशी सैनिकावर खटला भरता येतो का? माझे रोजचे काम म्हणजे वाटणीचे दावे, महामार्गावरच्या अपघातांची भरपाई, न वटलेले चेक. पण सातारा जिल्ह्यात वकिली करणाऱ्याला हा प्रश्न लांबचा वाटत नाही. इथे भावकीत एक तरी माणूस फौजेत असतोच.

चहा होईपर्यंत १९६० चा जिनिव्हा करार कायदा पुन्हा वाचला. आपल्या वकिलांनीही फारसा न उघडलेला हा कायदा छोटा आहे, पण त्याचा आवाका मोठा. युद्धकैद्याला जाणूनबुजून ठार मारणे, त्याचा छळ करणे हे गुन्हे भारतात घडोत वा भारताबाहेर, कलम ३ खाली शिक्षा आहे. खून असेल तर फाशी किंवा जन्मठेप, इतर गंभीर भंगांना १४ वर्षांपर्यंत कैद. आरोपी कुठल्या देशाचा, याने फरक पडत नाही. कलम ४ म्हणते, गुन्हा परदेशात घडला असला तरी आरोपी भारतात जिथे सापडेल तिथे तो घडला असे धरून कारवाई करता येते. म्हणजे असा माणूस उद्या मलकापुरात सापडला, तर कराडच्या सत्र न्यायालयात त्याच्यावर खटला चालू शकतो.

मग कलम १७ येते. सरकारने, किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने फिर्याद दिल्याशिवाय कुठल्याही न्यायालयाने दखल घ्यायची नाही. मारल्या गेलेल्या जवानाच्या बापाला इथे जागाच नाही.

सकाळी ११
कराड कोर्ट. पहिल्या दोन कामांत तारखा पडल्या. बाररूममध्ये ज्युनिअरने विचारले, "सर, कुलभूषण जाधवांसाठी आपण हेगला गेलो, मग कारगिलच्या कॅप्टन सौरभ कालियांसाठी का नाही?" संध्याकाळी हाच प्रश्न येणार.

पाकिस्तानने फाशीची शिक्षा सुनावलेले जाधव सांगलीत जन्मलेले, त्यामुळे तो निकाल आपल्याकडे घरोघरी ऐकला गेला. मे २०१७ मध्ये भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १७ जुलै २०१९ रोजी निकाल बाजूने लागला. पण तो दावा वाणिज्य दूतांच्या भेटीबद्दलच्या व्हिएन्ना कराराखाली होता. वाद या न्यायालयात नेण्याबद्दलचे त्या कराराचे जोडपत्र दोन्ही देशांनी स्वीकारले होते, म्हणून दार उघडले. युद्धकैद्यांच्या बाबतीत तसे जोडपत्र नाही. उलट, राष्ट्रकुलातल्या देशांबरोबरचे आणि सशस्त्र संघर्षातले वाद त्या न्यायालयापुढे नेता येणार नाहीत, अशी अट भारतानेच १९७४ मध्ये घातली. ऑगस्ट १९९९ मध्ये आपण पाकिस्तानचे अटलांटिक विमान पाडले. पाकिस्तान हेगला गेला, तेव्हा याच अटीवर बोट ठेवून आपण २००० मध्ये तो दावा फेटाळून घेतला. ज्या अटीने त्या दिवशी आपल्याला वाचवले, तीच आज कालिया कुटुंबाच्या आड आली आहे.

शिवाय हेगचे ते न्यायालय देशांमधले वाद ऐकते. एखाद्या सैनिकाला तिथे पिंजऱ्यात उभे करत नाही. तिथलेच दुसरे, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय व्यक्तींवर खटले चालवते, पण १ जुलै २००२ च्या आधीचे गुन्हे त्याच्या कक्षेत येत नाहीत आणि भारत व पाकिस्तान दोघेही त्याचे सदस्य नाहीत.

दुपारी २
डबा खाल्ला आणि कालियांची कागदपत्रे पुढ्यात घेतली. १५ मे १९९९, कारगिलमधले काकसर. चौथ्या जाट बटालियनचे कॅप्टन सौरभ कालिया आणि पाच जवान गस्तीवर असताना पकडले गेले: अर्जुन राम, भंवरलाल बगारिया, भिका राम, मूला राम, नरेश सिंह. ९ जूनला सहाही मृतदेह परत आले. अंगावर छळाच्या खुणा असल्याचे आपल्या लष्कराने सांगितले. पाकिस्तानने आरोप नाकारला. नेमके अशा वेळी न्यायालय लागते. खुणा कशाच्या, कुणाच्या ताब्यात असताना झालेल्या, हे साक्षीपुराव्याने ठरायला हवे होते. वडील, डॉ. एन. के. कालिया, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१५ मध्ये सरकारने आधी आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाणे व्यवहार्य नाही म्हटले. आरडाओरड झाल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने मुभा दिली तर जाऊ, असे सांगितले. बापाने किती वर्षे दारे ठोठावायची?

कलम १७ ची भिंत आणखी जुनी आहे. गोव्यातले पाद्री मोंतेरो यांच्या १९६९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हा कायदा भंगाला शिक्षा सांगतो, पण करार अमलात आणून घेण्यासाठी कुणाला दावा करण्याचा हक्क देत नाही.

संध्याकाळी ६
सभागृहात तीसेक जण. बहुतेकांनी बेरेट टोप्या घातलेल्या.

१९७१ बद्दल बोलताना मागची कुजबुज थांबली. कराडला दरवर्षी विजय दिवस साजरा होतो, ते युद्ध इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण भारताच्या ताब्यातल्या ९३ हजार पाकिस्तानी कैद्यांपैकी १९५ जणांवर बांगलादेश युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणार होता, हे मोजक्यांनाच आठवत होते. ते थांबवायला मे १९७३ मध्ये पाकिस्तान भारताविरुद्ध हेगला गेला आणि त्याच वर्षी त्याने दावा मागे घेतला. ९ एप्रिल १९७४ च्या त्रिपक्षीय करारात बांगलादेशाने खटले सोडून दिले. १९५ जण घरी गेले. शांततेची ती किंमत होती, हे मी समजू शकतो. पण ती मोजली ढाक्यातल्या आणि खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्यांनी, त्यांना न विचारता.

मग मी सुचवले, की कलम १७ खाली सरकारशिवाय बळीच्या वारसांनाही फिर्याद देता यावी. एक वृद्ध सुभेदारसाहेब उठले. बहात्तरला ते युद्धकैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला होते. "वकीलसाहेब, आम्हाला हुकूम होता. नाव, हुद्दा, नंबर, जन्मतारीख, एवढंच विचारायचं. हात लावायचा नाही. आम्ही पाळला. पण तुम्ही म्हणता तसं कुणालाही फिर्याद करू दिली, तर उद्या आमच्याच पोरांवर खोट्या केसेस पडतील."

हरकत खरी आहे. सरकारच्या हाती किल्ली ठेवण्यामागे तीच भीती असणार. मी म्हणालो, "खोटी फिर्याद गाळायला न्यायाधीश असतो ना! आधी सत्र न्यायाधीशाने पुरावा बघावा, सरकारचे म्हणणे ऐकावे, मग दखल घ्यायची की नाही ते ठरवावे. जर्मनीत १३ जानेवारी २०२२ रोजी कोब्लेंझच्या न्यायालयाने सीरियाच्या गुप्तचर खात्यातल्या अन्वर रस्लान या कर्नलला जन्मठेप दिली. त्याच्या कोठडीतून सुटलेली माणसे त्या खटल्यात फिर्यादी पक्षाबरोबर बसली होती."

"आणि आपल्यातला कुणी चुकला तर?" मागून एका तरुणाने विचारले.

"त्यालाही हाच कायदा. कलम ३ मध्ये आपला-परका नाही."

यावर काहींनी माना हलवल्या, काहींनी नाही. सुभेदारसाहेब बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

रात्री ९.३०
केंद्रीय कायदामंत्र्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा लिहितो आहे. मागणी एकच: कलम १७ मध्ये बळीच्या वारसालाही फिर्याद देता यावी, आणि दखल घेण्याआधी सत्र न्यायाधीशाने प्राथमिक चौकशी करावी. निघताना सुभेदारसाहेबांनी थांबवून सांगितले होते, की सही करीन, पण प्राथमिक चौकशी हे शब्द पहिल्याच परिच्छेदात पाहिजेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वाक्य वर घेतले आहे. सकाळी प्रत घेऊन त्यांच्याकडे जायचे, मग स्पीड पोस्ट.