कोलू पाटलाचा तलाव आणि भोवतीचे रान

देवरीहून राष्ट्रीय महामार्गाने साकोलीच्या दिशेने निघाले की वाटेत कोहमारा लागते. तिथे डावीकडे फुटणारा रस्ता नवेगावबांधला जातो. बहुतेक पाहुणे वाघ, बिबट्या किंवा हिवाळी पक्षी पाहायला येतात. पण इथले सर्वांत मोठे नवल एका शेतकऱ्याने करून ठेवलेले आहे. राष्ट्रीय उद्यानाला लागून पसरलेला हा विस्तीर्ण जलाशय निसर्गनिर्मित नाही. कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी तो धानाच्या शेतीसाठी बांधला.

डोंगरांनी वेढलेली खोलगट जागा त्याने हेरली आणि डोंगरांमधल्या खिंडी मातीच्या पाळीने बुजवल्या. बाकीची भिंत डोंगरांचीच. एवढ्याशा बांधकामावर सुमारे पाच चौरस मैलांचा जलविस्तार उभा राहिला. मोजणीची आधुनिक साधने हाताशी नसताना पाणी कुठवर चढेल आणि पाळीवर किती जोर येईल, याचा अंदाज त्या माणसाने जमिनीचा उतार पाहून बांधला असला पाहिजे. तीनशे वर्षे तो अंदाज खरा ठरत आला आहे. माझ्या मते महाराष्ट्राच्या जलव्यवस्थापनाच्या इतिहासात कोलू पाटलाचे नाव फार वरच्या ओळीत लिहायला हवे.

लोकांनी त्याचा मान आपल्या परीने केलाच आहे. कोलू पाटील आता कोलासुर देव झाला आहे. त्याचे ठाणे तलावाभोवतीच्या एका डोंगरावर आहे. भोवतीच्या शिखरांना ‘सात बहिणी’ म्हणतात. पाळ पुरी व्हायला या सात देवींनी हात लावला, अशी श्रद्धा आहे.

कोहळी समाजाची ख्याती तलावबांधणीची आणि उसाच्या लागवडीची. त्यांच्या पूर्वजांना गोंड राजाने या कामासाठी बनारसकडून आणले, असे परंपरा सांगते. वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस भरपूर पडतो, तरी धान निसवायच्या वेळी तो दडी मारतो आणि नेमके तेव्हाच एक पाणी मिळाले नाही तर वर्षाचे पीक हातचे जाते. त्या एका पाण्यासाठी गावोगाव तलाव आणि त्यांहून लहान बोड्या बांधल्या गेल्या. पाळीतल्या तुडुमातून पाणी पाटात सोडायचे, पाटातून बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, घ्यायचे आणि वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरवायचे, अशी ही व्यवस्था. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांची पद्धत, संपली, तलाव सरकारकडे आले आणि देखभालीची जुनी गावकी घडी विस्कटली. अनेक तलाव गाळाने भरले, बेशरमाच्या झुडपांनी वेढले गेले.

नवेगावबांधचे भाग्य निराळे. तलावाच्या पाणलोटात रान उभे होते, आणि झाडांच्या मुळांनी धरलेली माती सहजी वाहून येत नाही. दुसरीकडे, उन्हाळ्यात भोवतीचे ओढे-नाले आटले तरी रानातल्या जनावरांना तलावाचे पाणी मिळाले. शेतीचा तलाव आणि अरण्य एकमेकांच्या आधाराने टिकले. १९७५ मध्ये सुमारे १३४ चौरस किलोमीटरचे नवेगाव राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. पुढे नागझिरा, कोका ही अभयारण्ये जोडून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या.

मराठी वाचकाला हे रान ओळखीचे करून दिले मारुती चितमपल्ली यांनी. वनाधिकारी म्हणून ते इथे राहिले. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचे पुस्तकच आहे. सोलापुरात जन्मलेल्या या माणसाला इथल्या पक्ष्यांची, माशांची, झाडांची स्थानिक नावे आणि सवयी सांगणारे गुरू गावातच भेटले. त्यांत माधवराव पाटील डोंगरवार होते, पाण्यावर पोट असलेले ढिवर होते, रानातले गोंड होते. चितमपल्लींनी ते ऋण कधी लपवले नाही. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे. तेव्हा उत्तरेकडून आलेली बदके पाण्यावर असतात. सफारीची घाई थोडी बाजूला ठेवून पाळीवर चालावे, तुडुम कुठे आहे ते गावातल्या जाणत्याला विचारावे, कोलासुराच्या ठाण्याचे दर्शन घ्यावे. आणि परतताना रस्त्यालगतच्या एखाद्या लहान बोडीपाशी थांबावे. तीही अशाच कुणीतरी बांधलेली आहे, आणि तिच्यातला गाळ काढणे आजही गावाच्या हातात आहे.